कडू भरीत

"जमादार, लवकर चला. आमच्या आश्रमातल्या एका म्हातारीला इख घातलंय. आन् ज्यानं घातलं त्याला मी कोंडून ठेवलाय."

दौंड ठाण्याच्या दारात सायकल टाकून सर्जेराव धापा टाकत होता. कुरकुंभच्या वाटेवर एका ट्रस्टचा वृद्धाश्रम होता, त्याचा हा व्यवस्थापक. सन चौऱ्याहत्तरचा कार्तिक सरत आला होता. जमादार चांगदेव शेलारांनी टोपी चढवली. गुन्हेगार असा आयता मिळाला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नोकरीत आयतं त्यांना आजवर काही लाभलं नव्हतं.

आश्रमाचं फाटक कुलूपबंद होतं. ओसरीवर म्हातारी माणसं फाटकाकडं तोंड करून बसली होती. येणारं कोणी नव्हतं, जायची सोय नव्हती.

दगडाबाई सकाळी अंथरुणात घामानं निथळत, थंडगार, बेशुद्ध सापडली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा कुठं तिनं डोळे किलकिले केले.

"रक्तातली साखर पार उतरली होती," दौंडचे डॉक्टर म्हणाले. "मधुमेहाच्या गोळ्या पोटात गेल्यात. आणि हिला तर मधुमेह नाहीच. दवाखान्यात हलवतो. आत्ताच काही सांगता येत नाही."

आश्रमात मधुमेहाच्या गोळ्या एकट्या पोपटरावांसाठी यायच्या; सर्जेरावानं कोंडलं होतं ते हेच. आणि ते तर गोळीला शिवत नव्हते.

"साठवल्या, कुटल्या आन् भरतात कालवल्या," सर्जेराव म्हणाला. "रात्री आपली वाटी त्यानंच तिच्याम्होरं सारली, समद्यांनी बघितलंय. डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. घेऊन जा त्याला."

कोठीच्या खोलीत पोपटराव पोत्यावर बसले होते. एका पायाला फडकं गुंडाळलेलं.

"आबा, वाटी तुम्ही दिली?"

"व्हय."

"का?"

"वांग्याचं भरीत हुतं. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा हाय. चंपाषष्ठी होईस्तवर मी वांगं तोंडात घेत न्हाई. एरवी साळूबाई रांधती, माझ्यापुरती डाळ निराळी करती. काल ती बारशाला कासुर्डीला गेली, म्हनून सिस्टरनं रांधलं. दगडाबाई बौद्ध, तिला ह्यो नेम न्हाई. टाकायचं कशाला, म्हनून दिलं."

"खाताना काही म्हणाली ती?"

"वांगं कडू निघालं म्हनली. तरी खाल्लं. अन्न टाकायची सवय न्हाई तिला."

"तुमचं ताट कोण वाढतं?"

"पथ्याचं ताट. सिस्टरच वाढती."

"आणि गोळ्या कुठं लपवल्या होत्या?"

"हातातच घेत न्हाई, तर लपवू काय? चला, घाला बेड्या. कोठडी हितली काय आन् तिथली काय, मला सारखीच."

सिस्टर पार्वतीबाई याच उन्हाळ्यात पुण्याहून आल्या होत्या. औषधांचं कपाट बंद करून त्यांनी किल्ली कमरेला खोचली.

"या कपाटाला दुसरी किल्ली?"

"नाही."

"आबा खरंच गोळी घेत नसत?"

"ओठ घट्ट मिटून घ्यायचे. त्यांच्या पायाचं बोट काळं पडत चाललंय, जमादारसाहेब. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल."

"मग उतरली का?"

पार्वतीबाई रोज सकाळी त्यांची लघवी तपासत. निळं औषध घालून काचेची नळी तापवायची. साखर फार असली की नळी विटकरी होते, कमी असली की हिरवी.

"महिन्यापूर्वी विटकरी यायची. हल्ली हिरवी येत होती. आज पुन्हा विटकरी."

"मध्यंतरी गोड सोडलं होतं आबांनी?"

"छे. साळूबाईकडून गूळ मागून घेतात अजून."

इथं ज्याला अंदाज बांधायचा असेल त्यानं बांधावा. जमादारांचा बांधून झाला होता.

त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"सर्जेराव, आबांना बाहेर काढा. त्यांनी काही केलेलं नाही. जो गोळी घेत नाही आणि गूळ खातो, त्याची साखर आपोआप उतरेल का? गोळ्या त्यांच्या पोटात जातच होत्या. कुटून, पथ्याच्या ताटातून, त्यांना कळू न देता. काल रात्री त्यांनी भरीत खाल्लं नाही, आणि आज लगेच नळी विटकरी झाली. भरीत कडू होतं ते वांग्यामुळं नव्हे. कपाटाची किल्ली एक, ताट वाढणारा हातही एकच."

पार्वतीबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"साळूबाई डाळ निराळी करते ती पथ्यासाठी, असं तुम्हाला वाटलं, बाई. ती नेमासाठी होती. वांगं पथ्याला चालतं म्हणून तुम्ही भरीत वाढलंत. एवढंच तुमचं चुकलं, आणि वाटी दुसरीकडं गेली."

"मला त्यांचा पाय वाचवायचा होता हो. किती विनवण्या केल्या..."

"ते मी मानतो. पण म्हातारी का पडली हे सकाळीच तुमच्या ध्यानात आलं. तरी आबांना कोंडलं तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. जबाब द्यावा लागेल."

पोपटराव भिंतीला धरून उभे होते. रागावले नाहीत.

"फाटक तुमचं, निजायची येळ तुमची," ते म्हणाले. "तोंडात काय घालायचं तेवढं माझं राहिलं हुतं. आता तुमच्या हातचं पानी तरी कसं पिऊ?"

कोडं सुटल्याचा आनंद झाला होता, त्याची जमादारांना लाज वाटली.

त्यानंतर पोपटरावांनी ताटाला हात लावला नाही. विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचे आणि भुईमुगाच्या शेंगा स्वतः फोडून खायचे. टरफलाच्या आत कोणाला काही घालता येत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. चालताना झोक जाऊ लागला. ट्रस्टचा निकाल येईपर्यंत पार्वतीबाईंना तिथंच राहायचं होतं, आणि हे बघण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

दगडाबाई बरी होऊन परतली. जमादार तिचा जबाब घ्यायला आले तेव्हा जेवणाची पंगत बसली होती. पोपटरावांचं ताट तसंच पडलेलं. दगडाबाई उठून त्यांच्याजवळ बसली, त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, आमटीत बुडवून खाल्ली. मग ताट सारलं.

"घ्या, पोपटराव."

"आन् पुन्हा कडू निघालं तर?"

"तर आदी मला कळंल."

पोपटरावांनी तिनं मोडलेलीच भाकरी उचलली आणि खाल्ली.

जेवण झाल्यावर पार्वतीबाई समोर आल्या. उघड्या तळहातावर गोळी होती, सगळ्यांना दिसेल अशी.

"आबा, घेणार?"

"न्हाई."

"बरं." त्यांनी मूठ मिटली. "उद्या विचारू?"

पोपटरावांनी तोंड पुसलं.

"इचारा," ते म्हणाले.