चिमीच्या पेशी

"माझ्या लेकीचे तुकडे बाटल्यांत भरून ठेवलेत, आणि वर माझ्याच घरात चहा पिताय? लाज कशी वाटत नाही, वन्सं!"

भावजयीने आत्याच्या हातातला कप हिसकावून सिंकमध्ये ओतला. चिमीच्या पेशी जपून ठेवल्याचं प्रयोगशाळेचं पत्र तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

हृदयाचे स्नायू झिजवणाऱ्या त्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराने चिमी सहाव्या वर्षी गेली. त्याआधी तिच्या कातडीचा कणभर तुकडा घेऊन संशोधक आत्याने त्यातून मूळपेशी घडवल्या होत्या... हव्या त्या अवयवाचं रूप घेणाऱ्या, वाढतच राहणाऱ्या पेशी! त्यांतून हृदयाच्या पेशी वाढवून ती त्यांच्यावर औषधं तपासत होती.

"आता पोरीला सुई लावायची नाही, असं बजावलं होतं मी! चोरून घेतलंत ना?"

"हो... मीच घेतलं." आत्याने दाराशी मान खाली घालून उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आजच्या आज नष्ट करा! नाहीतर तक्रार करून नोकरी घालवते तुमची!"

"नोकरी जाऊ दे गं... पण पेशी राहू दे. धाकट्यासाठी तरी!"

चिमीच्या धाकट्या भावाच्या तपासणीतही तोच आजार निघाला होता.

"त्याचं नाव तोंडातून काढू नका! एक खाल्लीत, तेवढी पुरे!"

भावजयीने फोन उचलला, तोच भाऊ कळवळून ओरडला, "थांब! संमतीपत्रावर सही माझी आहे. तू सोडून जाशील या भीतीने मीच ताईला न सांगण्याची शपथ घातली!"

भावजय नवऱ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"मग तुम्ही शिव्या खात का बसलात, वन्सं?"

"तुझं घर मोडू नये म्हणून..."

दुसऱ्या दिवशी भावजय एकटीच प्रयोगशाळेत आली. आत्याने सूक्ष्मदर्शक लावून दिला. भिंगाखाली हृदयाच्या पेशी आकसत होत्या... अडखळत, थांबत, पुन्हा आकसत.

"ही चिमी नव्हे," आत्या हळूच म्हणाली.

"कळतं मला!" तिने डोळा भिंगावरून काढला नाही. तशीच कोरड्या आवाजात तिने विचारलं, "धाकट्याच्याही पेशी लागतील?"

"लागतील. पण तू हो म्हणालीस तरच."

"मी कुणालाच माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही." तिने बाही वर सारून हात पुढे केला. "आधी माझं कातडं काढा. किती दुखतं ते मला कळू दे."