बुधवारचं पिठलं

चुक्याची एकच जुडी उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले.

एक हात निवेदिताचा. दुसरा एका उंच, सावळ्या तरुणाचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर बटाट्याचं पोतं. उमरग्याच्या बाजारात थंडीचं कोवळं ऊन पसरलं होतं, माणसांची दाटी होती. तरीही दोघं क्षणभर तसेच उभे राहिले, जुडी धरून.

"मी आधी धरली," निवेदिता म्हणाली.

"व्हय. पण मी आधी बघितली. त्या कोपऱ्यावरनंच."

"बघितल्यानं भाजी आपली होत नाही."

"न्हाय होत," त्यानं मान्य केलं. हात मात्र काढला नाही.

भाजीवाल्या नागम्माला दोन्ही गिऱ्हाईकं जुनी. तिनं जुडीचा दोर सोडला, पानं अर्धी-अर्धी केली. "भांडू नका. दोघं घ्या अक्का, अर्धं-अर्धं."

तो आपला वाटा पिशवीत टाकणार, तेवढ्यात थांबला. "काय करणार याचं?"

"डाळ घालून पातळ भाजी."

"शेंगदाणे?"

"भिजवून घालते."

त्यानं आपल्या वाट्याची पानं तिच्या पिशवीत ठेवली. "मग तुम्हीच घ्या. शेंगदाणे भिजवून घालणाऱ्या माणसाकडनं चुका काढून घेणं बरं न्हाय."

आणि पोतं सावरत तो गर्दीत शिरला. निवेदिता तिथंच उभी. नाव विचारायचं राहिलं, हे घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं... आणि त्याची चुटपुट का लागली, हे काही उमगेना.

तिच्या डोक्यात खरं तर दुसराच घोर होता. चार वर्षं अभ्यास करून तिनं परीक्षा दिली होती आणि आता भूमच्या तहसील कार्यालयात तिला नोकरी लागली होती. महिन्याच्या आत हजर व्हायचं. घरात पेढे वाटून झाले. पण वडील वसंतराव एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. आई लीलाबाई शिक्षिका. पावणेसातच्या गाडीनं शाळेच्या गावाला जायच्या, यायला सहा वाजायचे. धाकटी जाई बारावीला. या तिघांच्या मधे चार वर्षं चूल सांभाळली ती निवेदितानं, मांडीवर पुस्तक आणि गॅसवर कुकर ठेवून. ती गेल्यावर काय, हे कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या मनात मात्र तेच होतं.

शेवटी तिनं डबा लावायचं ठरवलं. दवाखान्यांच्या गल्लीत, पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक चांगली खानावळ आहे म्हणून तिला कुणीतरी सांगितलं होतं. दुपारी चारला ती तिथं गेली. येसर, म्हणजे आमटीला लावायचं डाळी-मसाल्यांचं पीठ, भाजल्याचा खमंग वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. दारात खानावळीत भाकऱ्या करणाऱ्या प्रेमाबाई ज्वारी निवडत होत्या. आत कढईपुढं... तोच उभा होता.

"चुक्याची भाजी कशी झाली?" त्यानं मागं वळून विचारलं, जणू ती येणार हे ठाऊकच होतं.

"चांगली. तुम्ही इथं...?"

"माझीच हाय खानावळ. शिवशंकर माझं नाव. बोला."

"डबा हवाय. तीन माणसांचा."

"तुम्हाला धरून?"

"मला सोडून. मी भूमला चाललेय. नोकरी लागलीय."

उलथणं धरलेला त्याचा हात थोडा थांबला. येसर करपायच्या आत पुन्हा हलू लागला. मग त्यानं एकेक विचारलं... कोण किती वाजता जातं, कोण काय खातं, कुणाला काय चालत नाही. निवेदितानं सगळं सांगितलं. बाबांना साखरेचा त्रास, आईला पहाटे काही घशाखाली उतरत नाही, जाईला वांगं दिसलं तरी तोंड वाकडं होतं.

"डबा देतो की," तो म्हणाला. "पण तुमची आई पावणेसातला निघणार आणि माझी चूल पेटती सातला. महिनाभरात तुम्हालाच शिव्या बसतील. तुम्हाला डबा न्हाय, कागद पाहिजे."

"कसला कागद?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सात रकाने आखले होते. वार, भाजी, डाळ, आदल्या दिवशी काय भिजवायचं. "साठ माणसं जेवत्यात इथं. सकाळी उठून 'आज काय करू' म्हणत बसलो तर दुपारपर्यंत मीच आडवा. करण्यानं माणूस दमत न्हाय हो... ठरवण्यानं दमतो."

निवेदिता त्या कागदाकडं बघत राहिली. रोज सकाळी चप्पल घालता घालता आई विचारायची, 'निवू, आज काय करायचं गं?' चार वर्षं तो प्रश्न तिनं एकटीनं वाहिला होता. इतक्या नेमक्या शब्दांत तिचा शीण आजवर कुणी सांगितला नव्हता.

"मला करून द्याल असा कागद?"

"करून न्हाय देणार. करायला बसू. चार ते पाच मी मोकळाच असतो."

मग रोज चारला ती यायला लागली. मधे चहाचे दोन कप, समोर वही. रविवारी शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, आणि येसर करून ठेवायचा, म्हणजे सोमवारी आल्या आल्या दहा मिनिटांत आमटी. मंगळवारी मोडाची मटकी, ती रविवारीच भिजवायची. आईच्या पिशवीत दोन धपाटे, गाडीत बसल्यावर खायला. बुधवारी पिठलं. गुरुवारी खिचडी. शुक्रवारी पालेभाजी, जाईनं आदल्या दिवशी अभ्यास करता करता निवडून ठेवायची.

"आणि शनिवारी?" त्यानं विचारलं.

"शनिवारी जे उरलं असेल ते."

"असं म्हणू नका. उरलेल्याला नाव द्यायचं, मग माणसं आवडीनं खात्यात. 'निवेदिता स्पेशल' लिहा."

"म्हणजे मी उरलेली?" तिनं भुवई उंचावली.

तो गडबडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उरलेली न्हाय... पुरून उरणारी."

प्रेमाबाई ज्वारी निवडता निवडता हसल्या. निवेदितानं वहीत डोकं घातलं, पण त्या दिवशी पुढची ओळ काही तिला सरळ लिहिता आली नाही.

कागद तयार झाला. फ्रिजवर चिकटवला. एक आठवडा आपण चुलीजवळ जायचंच नाही, असं तिनं घरात सांगितलं. सोमवार पार पडला. मंगळवारी मटकी थोडी कच्ची राहिली, पण सगळ्यांनी खाल्ली. बुधवारी पिठलं बाबांकडं होतं. नेमकं त्याच दिवशी आगारातला जोडीदार रजेवर गेला आणि त्यांना डबल ड्युटी लागली. जाईचं प्रॅक्टिकल लांबलं. आईची गाडी वाटेत बंद पडली. साडेसातला लीलाबाई घरी आल्या तेव्हा गॅस थंड होता. निवेदिता बाजारातून धावत आली तर आई खुर्चीत बसलेली, पर्स अजून मांडीवरच, आणि डब्यातले शेंगदाणे एकेक करून खातेय.

"आई, मी टाकते पटकन काहीतरी..."

"नको गं. सवय करायलाच पाहिजे ना आता," लीलाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निवेदिताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारला ती खानावळीत आली ती उभीच राहिली. "मी नाही जात भूमला. कळवून टाकते त्यांना. तुमचा वेळ गेला, माफ करा."

शिवशंकर मेथी निवडत होता. काड्या बाजूला, पानं बाजूला. तो निवडतच राहिला.

"काहीतरी बोला ना."

"काय बोलू? तुम्ही राहिलात तर माझं चांगलंच हाय. रोज चारला याल... म्हणूनच मला 'राहा' म्हणता येत न्हाय."

तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. तो मात्र मान खाली घालून मेथीशीच बोलत होता.

"माझ्या आईला अंगणवाडीत नोकरी लागली होती. आमच्या गावातच, तामलवाडीत. घरचं कोण करणार म्हणून गेली न्हाय. आम्ही चार भावंडं. कधी हात उगारला न्हाय तिनं आमच्यावर. पण ताट वाढताना एकदातरी म्हणायची, 'आज नोकरीत असते तर...' आजबी म्हणती. त्या घासाची चव मला ठाऊक हाय, निवेदिता. तुमच्या घरच्यांना ती लागू नये."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. तिला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला तीही समोर बसून मेथी निवडू लागली.

"बुधवारचं पिठलं बाबांकडं का दिलं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"सोपं असतं म्हणून."

"त्यांना विचारलं होतं?"

ती थांबली. कागद दोघांनी केला होता. या टेबलावर, चहा पीत, हसत. ज्यांनी शिजवायचं होतं त्या तिघांना कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी तिनं त्याला घरी बोलावलं. वसंतरावांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाले, "निवू, याला वेळापत्रक म्हणत नाहीत. ही नुसती इच्छा आहे."

त्यांनी पट्टी आणि पेन मागवलं. एकेकाला समोर बसवून विचारलं, कुठल्या वारी किती वाजता मोकळे, किती दमलेले. लीलाबाई म्हणाल्या, बुधवारी शाळेत उशीर होतो, त्या दिवशी मला काहीच नको. जाई म्हणाली, मला कुकर जमतो, फोडणीची भीती वाटते. ही गोष्ट घरात आजवर कुणालाच माहीत नव्हती. वसंतरावांनी ते लिहून घेतलं. मग शेवटी एक रकाना वाढवला आणि त्यावर लिहिलं, 'राखीव'.

"प्रत्येक आगारात एक राखीव गाडी असते," ते म्हणाले. "बंद पडणार हे धरूनच चालायचं. ज्याची ड्युटी त्याला जमलं नाही तर दुसरा कोण, आणि त्यानं काय करायचं, हे आधीच ठरलेलं पाहिजे. येसर आहे, भात आहे. पंधरा मिनिटांत ताट." मग शिवशंकरकडं वळून म्हणाले, "आता मला गुठळ्या न होता पिठलं शिकवा."

दोघं गॅसपुढं उभे राहिले. बेसन गार पाण्यात कालवून ओतायचं, एका हातानं ढवळत राहायचं. वसंतराव ढवळता ढवळता विचारत होते.

"घरी कोण?"

"आई. गजराबाई. तामलवाडीला असती, शेती आणि शेळ्या बघती."

"लग्न?"

दाराशी उभ्या निवेदितानं हातातलं भांडं उगीचच दुसऱ्या हातात घेतलं.

"अजून... न्हाय," शिवशंकर म्हणाला, आणि त्यानं दाराकडं पाहिलं.

"तिकडं काय बघताय? पिठलं लागतंय खाली," वसंतराव म्हणाले.

रोज साठ माणसांना जेवू घालणाऱ्या शिवशंकरचं पिठलं त्या दिवशी खरोखरच खाली लागलं. सगळ्यांनी ते भाकरीबरोबर निपटून खाल्लं.

पुढचा आठवडा चालला. त्याच्या पुढचाही चालला. दोनदा राखीवची पाळी आली आणि दोन्हीदा आमटी-भात वेळेवर ताटात पडला. लीलाबाईंनी सकाळी विचारणं सोडलं. शाळेतून आल्यावर त्या फ्रिजकडं बघायच्या, 'आज जाईचा दिवस' म्हणायच्या आणि पाय वर घेऊन बसायच्या.

निवेदिताची निघायची सकाळ आली. लीलाबाई आणि जाई खिडकीतून तिचं सामान आत देऊन फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या. भूमची गाडी लागली होती, चालक गोरोबा इंजिन सुरू करून बसला होता. शिवशंकर आला तो घाईघाईनं, ओले केस, आणि रिकामे हात.

"काही आणलं न्हाय," तो म्हणाला. "काय आणावं तेच सुचलं न्हाय."

"आलात ना."

"आलो." एसटीचा धूर, चहाच्या टपरीवरची वाफ, आणि मधे हे दोघं. तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. "तिथं... जेवणाचं नीट बघा. काही लागलं तर..."

"शिवशंकर," ती म्हणाली. "तुम्ही बोलेपर्यंत गाडी भूमला पोचेल. मीच विचारते. माझ्याशी लग्न कराल?"

त्यानं मान वर केली. इतका वेळ तो तिच्याकडं सरळ बघतच नव्हता, हे तिला आत्ता कळलं. आता बघत होता.

"माझं तर कवाच 'व्हय' झालंय," तो हळूच म्हणाला. "सांगायचं तेवढं राहिलं होतं. तुमची नोकरी, तुमचं शिक्षण... मला वाटलं, खानावळवाल्यानं कसं विचारावं."

"आणि मला वाटलं, तुमचं सगळं मेथीपाशीच आटपतंय."

तो हसला. मग गंभीर झाला. "भूमला खानावळ चालंल का?"

"कचेरी आहे, बाजार आहे. भूक काय फक्त उमरग्यातच लागते?"

"आधी तामलवाडीला यावं लागंल. आईला भेटायला."

"येते. पुढच्या रविवारी. तुम्ही न्यायला या."

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलणार, तोच नियंत्रकाच्या खोलीतून वसंतराव बाहेर आले. त्यांनी दोघांकडं एकदा पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि चालकाच्या खिडकीशी गेले.

"गोरोबा, पाच मिनिटं थांबा."

"साहेब, टाइम झालाय की."

"माहिती आहे मला."

एकतीस वर्षांच्या नोकरीत वसंतरावांनी आमदारासाठी गाडी थांबवली नव्हती, सख्ख्या मेहुण्यासाठी थांबवली नव्हती. गोरोबानं आरशातून मागं पाहिलं, काय ते समजला आणि मुकाट्यानं इंजिन बंद केलं. वसंतराव गाडीला टेकून, लेकीकडं पाठ करून, पलीकडच्या रिकाम्या फलाटाकडं बघत उभे राहिले.

निवेदितानं शिवशंकरचा हात हातात घेतला. तो गरम होता, खरखरीत होता. सगळ्या बसस्थानकासमोर तिनं तो पूर्ण पाच मिनिटं सोडला नाही.