खडकावर उभं ठेवलेलं काडतूस

कोरा टोलेफसनच्या धाकट्या बहिणीने साठी ओलांडल्यावर तिसरं लग्न केलं, त्या १९९६ सालातली ही गोष्ट. लग्नातला उरलेला केक कोराच्या फ्रिजमध्ये अजून शिल्लक होता. हॉलिस ब्रँडवोल्ड तोच खात तिच्या स्वैपाकघरात बसला होता, तेव्हा एमेट राऊश दार न वाजवता आत आला.

हॉलिस हा कोराच्या वारलेल्या नवऱ्याचा सावत्र भाऊ. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. कोराची हयात विमा कंपनीसाठी जळक्या कोठारांचा तपास करण्यात गेली होती, आणि आता ती स्वतःच्या नावावर कामं घेत होती. बर्फात गाडी चालवायला तिला आवडत नसे, म्हणून हॉलिस सोबत असायचा.

एमेट हा टिंबर फोर्क गावातला एकुलता एक बंदुकांचा कारागीर. त्याने टोपी काढून हातात धरली.

"कोरा, मी माणूस मारला की नाही, तेवढं मला शोधून दे."

"आधी बस. हॉलिस, त्याला कॉफी दे. आणि केक लपवू नकोस, मला दिसतोय."

काय घडलं ते गावाला ठाऊक होतंच. रविवारी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडला. त्याच दुपारी रँचवाला वेंडेल ऑस्टबी डोंगराच्या धारेवर एका खडकाला टेकून मेलेला सापडला. गोळी छातीत शिरली होती, अगदी जवळून. रायफल त्याचीच होती, मांडीवर आडवी पडलेली. ती एमेटने खास त्याच्यासाठी घडवली होती.

"शेरीफ म्हणतो, रायफल रिकामी करताना आपोआप उडाली," एमेट म्हणाला. "चाप मी फार हलका ठेवला, असं त्याचं म्हणणं. सोमवारी सरकारी वकील माझ्यावर खटला भरणार. जेल झाली तर भोगीन. पण वेंडेल माझा मित्र होता गं. माझ्या हाताने गेला का तो, हे मला कळायलाच हवं."

"चाप हलका होता?"

"त्यानेच मागितला होता. मी दोनदा तपासला होता. आता वाटतं, तिसऱ्यांदा तपासायला हवा होता."

"ती रायफल ठरली कशी ते सांग. पहिल्यापासून."

एमेटचा चेहरा जरा सैल झाला. "अख्खा हिवाळा गेला त्यात. वेंडेल, त्याचा जावई क्ले आणि मी, माझ्या स्टोव्हपाशी. काडतूस कोणतं घ्यायचं इथूनच भांडण. क्ले म्हणाला, तीनशे मॅग्नम घ्या, एल्क म्हणजे काय ससा आहे का? वेंडेल म्हणाला, खांदा माझा आहे, तुझा नाही. शेवटी सात मिलिमीटरवर आलो. धक्का कमी, आणि गोळी लांब नि सडपातळ. दूरवर वारा तिला फारसा ढकलत नाही. मग पितळ, म्हणजे काडतुसाचं कवच, कुणाचं, दारू कोणती. कडाक्याच्या थंडीतही तशीच जळेल अशी दारू हवी होती. नळी तर मी त्या एका गोळीच्या मापानेच आतून कातली. गोळी काडतुसात इतकी पुढे बसवायची, की बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, लावला की तिचं नाक नळीतल्या पिळांच्या खाचांत रुतून बसावं. पाचशे यार्डांवरून मारलेल्या तीन गोळ्यांची भोकं तळहाताखाली झाकली जायची."

"सगळी काडतुसं तशीच?"

"सगळी. तो आणि क्ले माझ्याच बाकावर भरायचे."

"आणि डेल फ्रॅम?"

डेल हा वाटाड्या. बाहेरगावच्या शिकाऱ्यांना घोड्यांवरून डोंगरात नेणं हा त्याचा धंदा. रविवारचा तळ त्याचाच होता.

"डेल हसायचा. म्हणायचा, तुमचा हा स्वैपाक तुम्हालाच लखलाभ. पेट्रोलपंपावर मिळतं ते काडतूस खरं."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"मी ओढ्यावर घोड्यांना पाणी पाजत होतो. क्ले तळावर राजमा शिजवत होता. डेल लाकडं आणायला गेला होता. आवाज एकच झाला. आम्हाला वाटलं, वेंडेलला एल्क मिळाला. खूप वेळ त्याची खुणेची शीळ ऐकू येईना, तेव्हा क्ले वर गेला. मग डेल, सगळ्यात शेवटी मी."

गाडीत बसल्यावर हॉलिस म्हणाला, "तिघंही एकेकटे. कुणालाच साक्षीदार नाही."

"केकसुद्धा तू एकटाच खातोस, म्हणून तू खुनी ठरत नाहीस," कोरा म्हणाली. "चल, शेरीफकडे."

शेरीफ लोवेलने रायफल टेबलावर ठेवली आणि पिशवीतून एक काडतूस काढलं.

"बोल्ट लावलेला होता. त्याच्यापुढे नळीत उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळ, पोटातल्या मॅगझिनमध्ये दोन काडतुसं, आणि हे एक खडकावर ताठ उभं होतं. म्हणजे काय झालं? बोल्ट ओढून पहिलं बाहेर काढलं नि खडकावर ठेवलं. बोल्ट लावताना दुसरं आत गेलं आणि उडालं. इतकं सरळ आहे, बाई."

"हे काडतूस त्या तिघांना दाखवलंत?"

"कशाला? मी उचललं, पिशवीत टाकलं."

कोराने ते खिडकीच्या उजेडात धरून गोल फिरवलं. हॉलिसही वाकला. तांब्याची लांब गोळी दुकानातून आत्ताच आणल्यासारखी चकाकत होती. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. कोराने मग रायफल उलटी केली. पोटाशी एक लहानसं बटण होतं. ते दाबताच मॅगझिनचं झाकण खाली उघडलं.

"हे कशासाठी?" हॉलिसने विचारलं.

"जेवण झाल्यावर डबा रिकामा करतात तसं," कोरा म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

ऑस्टबींच्या स्वैपाकघरात वेंडेलची बायको आर्डिस आणि क्ले समोरासमोर बसले होते. शेजाऱ्यांनी आणून दिलेली जेवणाची भांडी ओट्यावर तशीच झाकलेली होती.

"सासऱ्यांशी पटायचं तुझं?" कोराने विचारलं.

"नाही," क्ले म्हणाला. "गावात विचाराल तर कळेलच, म्हणून मीच सांगतो. रँच कशी चालवायची यावरून रोज वाजायचं आमचं. रायफलीपुरतं तेवढं पटायचं."

"त्या खडकाशी काय काय दिसलं?"

"ते दिसले. मी खाली बसलो. दुसरं काही पाहिलं नाही."

आर्डिस मध्येच बोलली. "त्या रायफलीने मला फार छळलं गं, कोरा. उन्हाळ्यात एकदा वेंडेल ती घेऊन इथे आला, नि या टेबलावर सगळीकडे काळे दाणे. खसखस सांडल्यासारखे. वर गज घालून नळीत काहीतरी ठोकत बसला. मी ओरडले, तर म्हणतो, पुन्हा नाही होणार. जनावर डोळ्यांसमोर आल्याशिवाय आता काडतूस आत घालायचंच नाही."

"पाळलं त्याने ते?"

"इतर बाबतीत नाही पाळायचा," आर्डिस म्हणाली. "हे पाळलं."

"इतक्यात कुणाशी बिनसलं होतं?"

आर्डिसने क्लेकडे पाहिलं. क्ले म्हणाला, "सप्टेंबरात आम्हाला वरच्या कड्याखाली पहाडी मेंढा सापडला. धड होतं, डोकं नव्हतं. मेंढ्यांचा हंगाम तेव्हा उघडलाही नव्हता. कुणीतरी शिंगांसाठी मारला. सासरे काही बोलले नाहीत. नुसते घोड्यांच्या नालांचे ठसे बघत राहिले. एल्कचे दिवस संपले की वन्यजीव खात्यात जाऊन येतो, एवढंच म्हणाले."

डेल फ्रॅम त्याच्या घराच्या अंगणातच भेटला. नुकताच डोंगरावरून उतरला होता. गाडीचं मागचं फळकूट खाली पाडून तो रायफल रिकामी करत होता. बोल्ट मागे, पुढे, मागे. बाहेर आलेलं प्रत्येक काडतूस उचलून तो फळकुटावर ताठ उभं करत होता. एकापुढे एक.

"जुनी दिसते," कोरा म्हणाली.

"बापाची. खाली सगळं लाकूड, झाकण नाही, बटण नाही. काही बिघडतच नाही." डेलने शेवटचं काडतूस उभं केलं. "एमेटला सांग, मला वाईट वाटतं. पण मी वेंडेलला बजावलं होतं. केसाएवढा चाप घेऊन डोंगरात फिरू नये माणसाने."

"मेंढ्याचं ऐकलंस का?"

"कुठल्या मेंढ्याचं?" डेल म्हणाला आणि काडतुसं खिशात भरू लागला.

परतताना हॉलिसने गाडीचा हीटर वाढवला. मग म्हणाला, "रँच जावयाला मिळणार. वर पहिला तोच पोचला. मी तर क्लेवर पैज लावीन."

"लावू नकोस," कोरा म्हणाली. "हरशील."

शनिवारी सकाळी एमेटच्या दुकानात शेरीफ लोवेल, क्ले आणि डेल जमले. रायफल बाकावर होती. एमेट भिंतीला पाठ लावून उभा होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

कोराने ते काडतूस बाकावर उभं ठेवलं. "वेंडेलच्या शेजारी खडकावर हे सापडलं. रायफलीतून काढून ठेवलेलं, असं शेरीफ म्हणतात."

एमेट पुढे आला, काडतूस उचललं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे या रायफलीतून काढलेलं नाही."

"नाहीच," क्ले पाठोपाठ म्हणाला.

"थांबा, मी सांगते. एमेट, क्लेने वेंडेलची उरलेली काडतुसं आणली आहेत, त्यांतलं एक घाल आणि बोल्ट लाव. नळी त्या वाळूच्या पेटीकडे धर. आता न उडवता बाहेर काढ."

एमेटने बोल्ट मागे ओढला. पितळ आलं, पण तोंड उघडं पडलेलं. गोळी नळीतच रुतून राहिली होती. दारूचे काळे दाणे रायफलीतून बाकावर आणि एमेटच्या बुटांवर सांडले.

हॉलिसच्या तोंडून शब्द निघाला, "खसखस."

"आर्डिसच्या टेबलावरची," कोरा म्हणाली. "या रायफलीत घातलेलं काडतूस धड बाहेर येत नाही. आलंच, तर त्याच्या गोळीवर पिळांचे ओरखडे असतात. शेरीफ, तुमच्या काडतुसावर एकही नाही. ते आत गेलंच नव्हतं. वेंडेलच्या कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यातून काढून कुणीतरी तिथे उभं केलं."

"वेंडेलनेच खिशातून काढलं असेल," लोवेल म्हणाला.

"रिकामी करताना? जनावर दिसेपर्यंत तो नळीत काडतूस घालतच नव्हता, त्याला बोल्टला हात लावायचंच कारण नव्हतं. बटण दाबलं की सगळी काडतुसं खालून हातात पडतात. त्यासाठीच एमेटने ते झाकण बसवलं. म्हणजे तो देखावा रचलेला होता. रचणाऱ्याला वाटलं, प्रत्येक रायफल बोल्ट ओढूनच रिकामी होते. तिघांपैकी हे कुणाला वाटेल? एमेटने ती घडवली. क्लेने काडतुसं भरली. या दोघांनी असा देखावा उभा केलाच नसता, आणि एमेटने स्वतःच्या चापावर ठपका येईल असा तर नाहीच. उरला तो माणूस, जो या स्वैपाकात कधी आलाच नाही. बापाच्या रायफलीत खालून झाकण नाही, म्हणून बोल्ट ओढतो आणि प्रत्येक काडतूस ताठ उभं करतो. हाताच्या सवयीने खडकावरही तेच केलं."

डेल बाकावरच्या काळ्या दाण्यांकडे बघत होता.

"तो मेंढा तू मारलास," कोरा म्हणाली. "वेंडेलने तुझ्या घोड्याचे नाल ओळखले."

डेलने एक दाणा बोटाने चिरडला. स्टोव्हमध्ये लाकूड सरकलं.

"वाटाड्याचा परवाना गेला असता," डेल म्हणाला. "घोडे, तळ, सगळं. मला दुसरं येतं काय? त्याला म्हटलं, सोड तो विषय. म्हणाला, नाही सोडणार. मग म्हटलं, बरं, दे बघू तुझी ती रायफल, एवढं कौतुक सांगतोस." तो थांबला. "त्याने दिली. हसत दिली."

क्ले उठला. हॉलिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा बसवलं. त्या दिवशी हॉलिसच्या हातून झालेलं एवढंच काम, पण ते वेळेवर झालं.

शेरीफ डेलला घेऊन गेला. एमेट अजून रायफलीकडे पाहत होता.

"मग चाप?" त्याने विचारलं.

"चाप बोटाने ओढला, एमेट. तू जसा ठेवला होतास तसाच होता."

एमेट खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडला. कोराने त्याला रडू दिलं.

सोमवारी खटला दाखल झाला तो डेल फ्रॅमवर. डिसेंबरात गावातले लोक बंदुका घेऊन पुन्हा एमेटच्या दाराशी येऊ लागले. तो दुरुस्त्या करायचा, नळ्या बदलायचा. लांब पल्ल्याची रायफल मात्र त्याने पुन्हा कुणासाठी घडवली नाही. कुणी विचारलंच, तर हाताशी काम फार आहे म्हणायचा.

वेंडेल ऑस्टबी २७ ऑक्टोबर १९९६ रोजी, रविवारी दुपारी, आपल्याच रायफलीच्या गोळीने आणि ओळखीच्या माणसाच्या हातून मेला. त्याची बायको आर्डिस पुढच्या वर्षी मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आत, वारली.