चर्चपासून कचेरीपर्यंत

व्हेस्टाने हर्शेलची उशी उचलली, तिच्यावर त्याची गोधडी टाकली, आणि दोन्ही नेऊन पुढच्या खोलीतल्या कोचावर ठेवली. हर्शेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राजम्याच्या वाडग्यात मक्याचा पाव कुस्करत होता.

"आपलं लग्न झालेलं नाही," ती दारात उभी राहून म्हणाली. "काउंटीच्या कचेरीत तशी नोंद आहे. परक्या पुरुषाला मी माझ्या खोलीत झोपू देणार नाही."

हर्शेलचा चमचा हवेतच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि मान खाली घालून पुन्हा जेवू लागला. निदान हसेल, निदान चिडेल, असं तिला वाटलं होतं. पण ह्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकात विहीर खणायची! चाळीस वर्षं तिने तेच केलं होतं, आणि आता, केस पांढरे झाल्यावर, तिला त्याचा एकाएकी विलक्षण कंटाळा आला.

खरं तर सकाळ किती आनंदात गेली होती! नात टॅमी आणि तिचा होणारा नवरा ट्रॅव्हिस लग्नाचा परवाना काढायला निघाले, तेव्हा टॅमीने आजीलाही ट्रकमध्ये कोंबलं. आमच्या केंटकीच्या डोंगरात परवाना काढायचा म्हणजे वधूवर दोघांनी काउंटी क्लार्कसमोर जातीने उभं राहायचं, सह्या करायच्या, मग तो कागद पाद्रीबाबाकडे न्यायचा. त्याने लग्न लावलं, त्यावर सही केली, साक्षीदारांनी सह्या केल्या, की कागद परत कचेरीत. तिथे तो पुस्तकात चढला म्हणजे लग्न पक्कं. ट्रॅव्हिस सही करताना असा घामाघूम झाला, की क्लार्क मिस इमोजीन म्हणाली, बाळा, हा जमिनीचा दस्त नव्हे, ही तर फार मोठी जोखीम आहे, नीट वाचून घे.

मग टॅमीला हुक्की आली. आजी-आजोबांच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल काढून ती चौकटीत बसवायची आणि लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात ठेवायची! मिस इमोजीनने मागच्या खोलीतून भलं मोठं पुस्तक आणलं. हर्शेल स्टॅम्पर ह्या नावापुढे दोन लग्नं निघाली. पहिलं ओपलशी. ते अगदी व्यवस्थित, वरचा परवाना भरलेला, खालचा लग्न लागल्याचा दाखलाही भरलेला. ओपल म्हणजे व्हेस्टाची थोरली बहीण... नोंदीतलं ते नाव पाहून व्हेस्टाच्या काळजात क्षणभर कळ उठली. दुसरं व्हेस्टाशी. तिथे वरचा अर्धा भाग भरलेला होता, आणि खालचा अर्धा कोरा.

मिस इमोजीनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कागद परत आलाच नव्हता. सगळ्यांनी एकमुखाने दोष दिला तो दिवंगत पाद्री ब्रदर एल्झींना, कारण ते बाप्तिस्मा द्यायला नदीवर जात आणि ज्याला बुडवायचं त्यालाच घरी विसरून येत. घाबरू नकोस, इमोजीन म्हणाली, तो सही केलेला कागद कुठे सापडला तर आजही चढवता येईल, नाही तर नवा परवाना काढा. टॅमीला मात्र हसू आवरेना. "आजी, म्हणजे इतकी वर्षं तू आजोबांबरोबर अशीच राहिलीस? आणि मला ट्रॅव्हिसबरोबर सिनेमाला जाताना दहादा विचारायचीस!"

व्हेस्टाही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण घरी येताना, ट्रकच्या खिडकीतून तंबाखूची शेतं मागे पडत असताना, त्या कोऱ्या अर्ध्या पानाने तिच्या अंतःकरणातली फार जुनी जखम उघडी केली...

ओपल गेली तेव्हा तिची लेक वाँडा, म्हणजे टॅमीची आई, नुकती दुडूदुडू चालू लागली होती. व्हेस्टा एकोणीस वर्षांची, लेक्सिंग्टनच्या परिचारिका विद्यालयात तिला प्रवेश मिळालेला, ट्रंक भरून तयार. तेव्हा एके दिवशी तिचे वडील आणि हर्शेलचे वडील अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली बसले आणि उठले ते सगळं ठरवूनच. पोरीला आई हवी, आणि मावशीइतकी माया कोण लावणार! वडिलांनी तिला सांगितलं, तिने ट्रंक रिकामी केली. हर्शेल तर त्या बैठकीत नव्हताच. त्याने तिला कधी विचारलं नाही, नंतरही नाही, एकदाही नाही! त्याच्यासाठी आपण ओपलच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलेली बाई आहोत, हे तिने मनाशी मान्य केलं आणि त्या खुर्चीची शान राखली. भिंतीवर ओपलचा फोटो तिनेच लावला. छोट्या वाँडाने "आई" म्हटलं, की ती तिचा चेहरा हलकेच फोटोकडे वळवायची आणि म्हणायची, ती आई, मी मावशी. तिच्या स्वतःच्या पोटी मूल झालं नाही. त्यामुळे "आई" ही हाक त्या घरात कधी टिकलीच नाही.

आमच्या खोऱ्यात बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये म्हाताऱ्या जॉर्डन बाईने व्हेस्टाला बाकावर जागा करून देत विचारलं, की बाई गं, कुमारिकांच्या रांगेत बसतेस की आमच्यात? व्हेस्टाने टोला परतवला, की नवरीमुलींच्या रांगेत जागा असेल तर सांग. सगळ्याजणी खिदळल्या. हर्शेल पलीकडच्या बाकावर टोपी मांडीवर धरून बसला होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

चार दिवस तो कोचावर झोपला. वाँडा आली, बापाची उशी पाहून कपाळाला हात लावून बसली. तिने सगळं सोपं करून टाकलं होतं: टॅमीच्या लग्नाच्याच दिवशी, त्याच पाद्र्यापुढे दोघांनी पाच मिनिटं उभं राहायचं, की झालं.

"मी उभी राहीन," व्हेस्टा म्हणाली. "पण मागच्या वेळी मला सांगितलं होतं. या वेळी विचारायचं."

"कुणी विचारायचं, मावशी?"

"ज्याला मी हवी असेन त्याने." आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो प्रश्न तिच्या तोंडून निसटलाच... "वाँडा, मी त्याला हवी आहे का गं? का फक्त सवयीची झालेय?"

वाँडा डोळे पुसत तरातरा तंबाखूच्या कोठाराकडे चालत गेली, आणि तिथे बापलेकीचं काय बोलणं झालं ते कोणालाच कळलं नाही. पण थोड्या वेळाने हर्शेल स्वयंपाकघरात आला. त्याच्या हातात तंबाखूचा एक गंजका डबा होता. त्यातून त्याने चौघडी घातलेला पिवळा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. खाली ब्रदर एल्झींची वेडीवाकडी सही, शेजारी दोघांच्या बापांच्या सह्या!

व्हेस्टाने कागद उचलून सह्या पुन्हा वाचल्या.

"ब्रदर एल्झी विसरले नव्हते," हर्शेल म्हणाला. "मी गावात जाणार होतो, म्हणून त्यांनी माझ्याकडेच दिला. मी कचेरीच्या दारात ट्रक थांबवला. पण लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुला ट्रंक रिकामी करताना पाहिलं होतं, व्हेस्टा. तू रडत होतीस, आणि रडता रडता कपड्यांच्या घड्या नीट घालत होतीस. मला वाटलं, हा कागद आत दिला की तुझं दार कायमचं बंद. म्हटलं, वाँडा शाळेत जायला लागू दे, मग हिला सांगू, तू मोकळी आहेस, जा, तुझी शाळा शीक."

"मग?" तिने विचारलं.

"मग वाँडा शाळेत जायला लागली." तो टोपी हातात फिरवत राहिला. "आणि तोवर मलाच तू हवी झाली होतीस. सांगितलं तर जाशील अशी भीती वाटायची. कागद दिला तर तुला फसवल्यासारखं वाटायचं. म्हणून डबा कोठाराच्या तुळईवर ठेवला. रोज दिसायचा मला तो."

केवढा हा माणूस, आणि केवढा हा मूर्खपणा! व्हेस्टाला एकाच वेळी इतका संताप आणि इतका आनंद झाला, की हाताशी होता तो भांडी पुसायचा टॉवेलच तिने उचलला आणि त्याच्या खांद्यावर फाडकन मारला, पुन्हा मारला, आणि मग त्याच टॉवेलात तोंड लपवून ओक्साबोक्शी रडली. आपण ज्याच्यासाठी एक दार बंद करून घेतलं, तो सारा जन्म ते दार आपल्यासाठी उघडं धरून उभा होता... आणि दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं! रडणं थांबलं, तेव्हा तिने लोखंडी चुलीचं वरचं झाकण उचललं आणि तो पिवळा कागद आत सरकवला.

"अगं, तो चालला असता," हर्शेल घाबरून म्हणाला.

"तो आपल्या बापांचा कागद होता. मला माझा हवा."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघे कुरकुरत असतानाही तो टेबलाचा आधार घेत एका गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "व्हेस्टा, माझ्याशी लग्न करशील का?"

"विचार करून उद्या सांगते," व्हेस्टा म्हणाली, आणि त्याला उठायला हात दिला. त्याची उशी मात्र तिने कोचावरच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत दोघांनी शेजारी शेजारी सह्या केल्या. मागच्या वेळी, तेव्हा एकविशीच्या आतल्या मुलीला लागायची म्हणून, तिच्या बापानेही संमतीची सही केली होती. या वेळी फक्त तिचीच सही होती, आणि तिने ती सावकाश, ठळक, कागद फाटेल की काय अशी केली. मिस इमोजीनने उगाच नाक शिंकरलं.

लग्न शुक्रवारी दुपारी, चर्चमध्ये. आमच्याकडे लग्नाचा केक कुठलंही घर एकट्याने करत नाही. ज्याला त्या मुलीचं कौतुक, त्याने आपल्या घरून एक पातळ थर भाजून आणायचा, वधूच्या घरच्यांनी मध्ये सुक्या सफरचंदांचा गोड लगदा भरत थरावर थर रचायचे, आणि केक जितका उंच तितकी पोरगी लाडकी. व्हेस्टाच्या पहिल्या लग्नात सुतक असल्याने कोणी थर आणला नव्हता. आज बायका येत होत्या त्या दोन दोन थर घेऊन! एक टॅमीचा, एक व्हेस्टाचा. नातीच्या शेजारी आजीचा केक असा चढत गेला, की ट्रॅव्हिसला तो धरून उभं राहावं लागलं. पण सगळ्यांत आधी, रिकाम्या ताटलीवर, तळाचा थर ठेवला तो वाँडाने.

"हा कोणाचा?" जॉर्डन बाईने मोजदाद ठेवायची म्हणून विचारलं.

"आईचा," वाँडा म्हणाली.

व्हेस्टाने सवयीने मान वळवली, ओपलचा फोटो कुठे आहे ते पाहायला... चर्चच्या भिंतीवर फोटो नव्हता. वाँडा तिच्याचकडे पाहत होती. मग त्या दोघी एकमेकींना अशा बिलगल्या, की सफरचंदाचा लगदा दोघींच्या चांगल्या कपड्यांना लागला आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

आधी टॅमीचं लग्न लागलं, मग तिच्या आजीचं. टॅमी आणि वाँडाने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आताचे पाद्री ब्रदर डॉयल यांनी शेवटची सही ठोकली आणि म्हणाले, सोमवारी मी गावात जाणारच आहे, दोन्ही कागद देऊन टाकीन. टॅमीचा कागद त्यांच्या खिशात गेला. व्हेस्टाने मात्र आपला काढून घेतला. आता ही तो स्वतःच्या पर्समध्ये कुलूपबंद करणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि तिचं चुकलंही नसतं!

तिने तो हर्शेलपुढे धरला.

"कचेरी अजून उघडी आहे," ती म्हणाली. "जा, देऊन ये."

हर्शेलने कागद दोन्ही हातांनी घेतला. मग टोपी घातली, आणि लग्नाच्या कोटातच जवळजवळ धावत ट्रककडे गेला. मागून टाळ्या, शिट्ट्या... ट्रॅव्हिसने सोबत येऊ का असं विचारलं, तर व्हेस्टाने नको म्हटलं.

तो परत येईपर्यंत केकला सुरी लावायची नाही, असं तिने बजावलं. पाहुणे कॉफी पीत राहिले, मुलं केकभोवती घोटाळत राहिली, आणि नवी नवरी चर्चच्या पायऱ्यांवर उन्हात बसून रस्त्याकडे पाहत राहिली. मनात भीतीचा लवलेशही नव्हता, हे तिचं तिलाच नवल वाटलं. अखेर वळणावर धूळ उठली. ट्रक आला, थांबला. हर्शेल उतरला आणि तिच्यासमोर येऊन, शाळेतल्या मुलासारखे, दोन्ही हात पुढे करून उलटसुलट दाखवले.

हात रिकामे होते.

व्हेस्टाने ते दोन्ही हात धरले आणि ती त्याच्या आधाराने उठली. "चल," ती म्हणाली, "केक थांबलाय. आणि घरी गेल्यावर तुझी उशी आत आण."