श्वास मोजणारी

चौलला जेवणं आटोपल्यावर धर्माजीकाका अंगणात आमच्याजवळ येऊन बसले.

"चांगदेव टेम्पोवाला माहीत हाय ना? त्याच्याच तोंडचं सांगतो."

गेल्या वर्षीची पौष अमावास्या, बुधवार. रात्री पावणेदहाला चांगदेव पेजेचा डबा घेऊन अलिबागच्या दवाखान्यात गेला. बायकोच्या, जागृतीच्या, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. तिने पेज नको म्हटलं. "जीव नुसता घाबरा होतोय," म्हणाली.

"ताप नाही, बीपी ठीक," दिपाली सिस्टर म्हणाली. "वहिनींपेक्षा तुम्हीच आजारी दिसताय. झोपा जरा."

बावीस पेशंट आणि ती एकटी. ताप, नाडी, बीपी ती नीट बघायची. श्वासाच्या रकान्यात मात्र न मोजताच अठरा लिहायची. सगळ्यांचे अठरा.

"भूत कधी येतं?" आमच्यातला मितेश हसला.

"गप ऱ्हा रं."

दोन चाळीसला चांगदेवला जाग आली. जागृतीच्या उशाशी स्टुलावर एक म्हातारी सिस्टर बसली होती. पांढऱ्या साडीत. तिथे आता साडी कुणीच नेसत नाही. नजर जागृतीच्या छातीवर. ओठ हलत होते.

"काय झालं, बाई?"

"बोलू नका. मोजतेय."

...

"अठ्ठावीस. मघाशी चोवीस होते. त्या पोरीला सांगा... लिहू नको. मोज."

तो धावत दिपालीच्या टेबलाशी गेला आणि म्हाताऱ्या सिस्टरचा निरोप सांगितला.

"वॉर्डात मी एकटीच आहे हो," दिपाली म्हणाली.

दोघं खाटेपाशी आली. स्टूल रिकामं.

दिपालीने घड्याळ समोर धरलं. एक मिनिट. पूर्ण.

तीस.

तिने फोन उचलला.

पहाटे चारला डॉक्टरांनी जागृतीचं पोट पुन्हा उघडलं. आत पू साचला होता. "सकाळची वाट बघितली असती तर..." डॉक्टर म्हणाले.

काका थांबले.

"वाचली ना?" ऋतिकाने हळूच विचारलं.

"वाचली. परवाच बाजारात भेटली."

"मग ती सिस्टर चांगलीच होती."

 

"उजाडल्यावर चांगदेव डबा घ्यायला वॉर्डात गेला," काका म्हणाले. "दिपाली दारातच उभी होती. आत पाय टाकत नव्हती. सगळे पेशंट गाढ झोपलेले. अन् प्रत्येकाची चादर कमरेपर्यंत खाली दुमडलेली. घडी सारखी. छात्या उघड्या, मोजायला ठेवल्यासारख्या.

थंडी कडाक्याची होती. एकानंही चादर वर ओढली नव्हती."