छताकडे पाहण्यास मनाई

नागपूरच्या जनमत प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी पडद्यावर दोन आकडे आले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी वरखेडकर यांनी हातातला चहा कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं.

पहिला आकडा उत्तरयंत्राचा. प्रश्न टाकला की आयतं उत्तर देणारी ही कृत्रिम बुद्धी. समाधानी लोक एकसष्ट टक्के. दुसरा आकडा परीक्षाकुलपाचा. परीक्षेपुरता संगणक बंदिस्त करून ते कॅमेऱ्यातून उमेदवाराच्या डोळ्यांवर पाळत ठेवतं. समाधानी लोक नव्व्याण्णव टक्के.

"नव्व्याण्णव टक्के लोकांना पुरणपोळीसुद्धा आवडत नाही," हेमांगी म्हणाल्या.

समोर बसलेली ऊर्जिता मेश्राम हसली नाही. भंडाऱ्याच्या या मुलीचा पशुवैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा पेपर कुलपानं रद्द केला होता. कारण, 'उमेदवाराने अकरा वेळा छताकडे पाहिले.' निम्म्याहून जास्त लोक कुलपावर नाराज निघाले, तर असे सगळे पेपर ग्राह्य धरू, असं परीक्षा मंडळानं लिहून दिलं होतं. प्रवेश शुक्रवारी पाचला बंद होणार होते.

"मॅडम, गायीच्या पोटाचे चार कप्पे आठवत होते मी. वर फक्त एक पाल होती."

"अहवालात आहे ती," दृष्टितज्ज्ञ निरंजन गेडाम कागद उलटत म्हणाले. "संशयित साथीदार."

"मंडळानं कुलपाबद्दलचं मत घेतलं कशातून?" हेमांगींनी विचारलं.

"कुलपातूनच," गेडाम म्हणाले. "मंडळाचा नियम आहे. ज्या वस्तूबद्दल मत द्यायचं, त्या वस्तूतूनच द्यायचं."

"आणि उत्तरयंत्राबद्दलचं?"

"लोकांनी यंत्रालाच विचारलं, तुझ्याबद्दल माझं मत काय असावं? त्यानं शंभरातल्या एकसष्टांनाच 'चांगलं' म्हणून सांगितलं. सगळ्यांनाच सांगता आलं असतं. एवढा विनय माणसांत नाही हो."

"कुलपात किती जण बसले?"

"चाळीस हजार. वैध मतं नऊ हजार."

"बाकीचे कुठे गेले?"

"विचार करताना सापडले."

हेमांगींनी खुर्ची पुढे ओढली. "नीट सांगा."

"साधं आहे. माणूस काही आठवायला, तोलायला लागला की त्याची नजर समोरून सरकते. वर जाते, खिडकीकडे जाते. समोरची गर्दी डोळ्यांआड झाल्याशिवाय आतलं दिसत नाही. लहान पोरंही हेच करतात. कुलपाच्या लेखी नजर सरकली की चोरी. मग उरले कोण? ज्यांनी विचार न करता पहिला पर्याय दाबला ते."

"पहिला पर्याय कोणता होता?"

"'अत्यंत समाधानी.'"

हेमांगींनी टेबलावर अशी मूठ आपटली की झाडाचं एक पान पडलं. "एक यंत्र विचार करायच्या आत उत्तर तोंडात कोंबतं, दुसरं विचार केला की कानफटात मारतं, आणि या दीडशहाण्यांना त्यातलं लाडकं कोण ते मोजायचंय!"

त्यांनी मंडळाच्या सचिवांना फोन लावला.

"हरकत घ्या ना मॅडम," सचिव प्रेमानं म्हणाले. "जरूर घ्या. मात्र अर्ज उमेदवारानं स्वतः, कुलपातूनच."

ऊर्जिताचा पहिला अर्ज 'महोदय'पाशी बाद झाला. अध्यक्ष पुरुष आहेत की बाई, हे आठवायला तिनं वर पाहिलं होतं. दुसरा तारखेपाशी बाद झाला. तिसरी संधी शेवटची.

"संतापलेल्या माणसाची नजर हलत नाही," गेडाम सावकाश म्हणाले. "राग आहे का गं?"

"आहे ना सर. दोन महिन्यांचा साचलाय."

"मग आठवू नकोस. तोलू नकोस. नुसती चिड."

ती बसली. नऊ मिनिटं तिची नजर पडद्यावर खिळ्यासारखी ठोकलेली होती. 'मी चोर नाही. तुमच्या कुलपाला चोर आणि विचार करणारा माणूस यांतला फरक कळत नाही. ज्या एकतीस हजारांना हाकललं, त्यांची मतं मोजा.'

कुलपानं हिरवी पट्टी दाखवली. 'प्रामाणिकता शंभर टक्के. अर्ज दाखल.' गेडामांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी चार वाजता मंडळात सुनावणी झाली. सभासदांनी एकमेकांचे निर्णय उतरवून काढू नयेत म्हणून निर्णयही कुलपातूनच द्यायचा होता. अध्यक्ष वामनराव टेंभुर्णे पडद्यासमोर बसले. दोनच पर्याय होते. 'हरकत फेटाळली.' 'हरकत मान्य.'

टेंभुर्ण्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. बोट दुसऱ्या पर्यायाकडे निघालं आणि मध्येच थांबलं.

"पोरगी खरं लिहितेय," ते पुटपुटले. "एकतीस हजार म्हणजे..." आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

पडदा लाल झाला. 'अध्यक्ष अपात्र. निर्णयाधिकार उपाध्यक्षांकडे.'

"अहो, मी मान्य करत होतो!" टेंभुर्णे ओरडले.

"साहेब, उठा," सचिव म्हणाले. "लोक बघतायत."

उपाध्यक्ष शरदचंद्र बोबडे खुर्चीत टेकले. त्यांनी अर्ज उघडला नाही. नजर सरळ ठेवून पहिला पर्याय दाबला. एकूण चार सेकंद.

'प्रामाणिकता शंभर टक्के,' कुलपानं जाहीर केलं. सभागृहात टाळ्या झाल्या. हेमांगी शिव्या देत उभ्या राहिल्या, गेडामांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

ऊर्जिता जागची हलली नाही. टाळ्या संपेपर्यंत ती बोबड्यांकडे बघत राहिली. एकदाही पापणी न लववता.