घड्याळवाल्याचे डोळे

धान खरेदी केंद्रावरचा काटा परवापासून बंद होता. बारदाना, म्हणजे पोती नाहीत म्हणून माप नाही, माप नाही म्हणून घरी जाता येत नाही. ढिगाशी राखणीला बसलेल्या पोरांनी अंधार पडल्यावर सगळ्यांना शिव्या घातल्या. शिव्या संपल्या, थंडी काही संपेना. तेव्हा म्हातारे कृष्णराव चादर डोक्यावरून घेत म्हणाले, "शिव्यायनं काटा चालू होत नाही बाबू. त्यापेक्षा गोठ आयका."

"भुताची असन तं राहू द्या, मामा," पोरांतला अश्वजित म्हणाला. "आमच्या घरी भूत मानत नाही."

"माहा साडूबी मानत नव्हता. इश्वर. पवनीचा मूर्तिकार. त्याच्यावर गुदरली ते सांगतो. पटलं तं पटलं, नाही तं झोप."

अश्वजित झोपला नाही. कृष्णरावांनी सांगितलं ते असं.

सन पंचवीसच्या सप्टेंबरची एकवीस तारीख, रविवार. सर्वपित्री अवस. दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसायचे होते. जेवण उरकून इश्वरनं आपली बारीक कलम धुतली, काजळाची डबी कमरेला खोचली आणि मंडपाकडं जायला निघाला. देवीच्या डोळ्यांना त्याच्या घरी बाजारचा रंग चालत नाही. बायको शकुनबाई तिळाच्या तेलाच्या दिव्यावर काजळ धरते, तेच लागतं.

"आज अवस हाय जी," शकुनबाई दारात आडवी आली. "सकायी जा."

"सकायी ढोल वाजन, सारे मोबाईल धरून उभे राहतीन. मले माहा हात दिसत नाही अन् तू सकायी जा म्हणतं."

"मंग मीबी येतो."

"तू आली का साऱ्या गल्लीले समजते, का इश्वर आंधया झाला. बस घरी."

गोष्ट खरी होती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यात धुकं भरलं होतं. ऑपरेशन दसऱ्यानंतर. बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ द्यायचंही नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष वीरेंद्र उन्हाळ्यापासूनच म्हणत होता, "काका, नागपूरचा एक जण मशीनवर मूर्ती काढते. नाक, डोये सारे बरोबर." म्हणजे उद्या सगळ्यांसमोर एक रेघ जरी वाकडी गेली, तरी तीस वर्षांचं काम त्या मशीनवाल्याच्या घरी जाणार. म्हणून इश्वरनं ठरवलं होतं, रात्रीच एकट्यानं बल्ब जवळ घेऊन डोळे काढायचे, वर पदर ओढायचा आणि सकाळी नुसती कलम फिरवायची.

ही चोरी होती. त्याच्या घराण्याची रीत अशी की मंडपात शंभर बाहुल्या का असेनात, पहिली नजर देवीची. तीही घटाच्या सकाळी, चारचौघांत. तोवर दुसऱ्या कोणाचे डोळे उघडायचे नाहीत. बाप सांगायचा, आधी मायनं पाहावं, मग लेकरांनी. आणि आज तो ती रीत स्वतःच्या हातानं मोडायला चालला होता, म्हणून वाटेतल्या कुत्र्यावरसुद्धा खेकसत गेला.

मंडपाच्या तोंडाशी येऊन त्याचं डोकं आणखी फिरलं. यंदाचा देखावा होता प्राग. युरोपातलं कुठलं जुनं शहर. नालीवर बांबूचा पूल, पुलावर दोन्ही अंगांनी थर्माकोलचे साधू, आणि पलीकडं प्लायवूडचा उंच बुरूज. बुरुजावर घड्याळ, कूलरच्या मोटरवर फिरणारं. घड्याळाच्या बाजूला पांढरा सापळा. दर ताशी त्यानं दोरी ओढायची आणि शाळेतून मागून आणलेली घंटा वाजायची.

मंडळाच्या बैठकीत इश्वर म्हणाला होता, "आपल्या किल्ल्याचा दरवाजा करा. जगन्नाथ टेकडीखाली दोन हजार वर्सांचा स्तूप निघाला, तो करा. पवनी का कमी जुनी हाय?"

"पवनी लोकायनं पाह्यली हाय, काका. प्राग कोणं पाह्यलं?" वीरेंद्र म्हणाला.

"तू पाह्यलं?"

"मोबाईलवर."

झालं. मोबाईलपुढं किल्ला हरला.

त्या सगळ्या कापडी पसाऱ्यात इश्वरनं एकच काम मन लावून केलं होतं. वीरेंद्रची मुलगी तृप्ती कॉलेजात शिकते. तिनं त्या घड्याळाची हकीकत वाचून दाखवली होती. सहाशे वर्षांचं घड्याळ, चंद्रसूर्य दाखवणारं. तिथले लोक सांगतात, ते ज्यानं घडवलं त्याचे डोळे गावच्याच पंचांनी तापल्या सळईनं फोडले. दुसऱ्या गावाला तसं घड्याळ मिळू नये म्हणून. मग तो आंधळा चाचपडत बुरुजावर गेला, चाकांत हात घातला, आणि घड्याळ बंद पडलं ते कितीतरी वर्षं.

"इतिहासवाले हे खोटं म्हणतात, काका," तृप्ती म्हणाली होती.

"खोटं कसं असन? काम करून घ्याचं अन् कारागिराले लाथ माराची, हे आपल्या मंडळातबी होते."

मग त्यानं धानाची वाळकी तणस बांधली, नदीची माती थापली आणि माणसाच्या उंचीचा म्हातारा घडवला. वाकलेला, उजवा हात पुढं केलेला. पापण्या मिटलेल्या, गुळगुळीत. बुरुजाच्या पायाशी उभा केला. रात्री डोळ्याला पाणी येई तेव्हा इश्वर आपल्याच पापण्यांवरून बोट फिरवी आणि त्या मापानं त्याच्या पापण्या करी.

तर त्या रात्री इश्वर पूल ओलांडून आत आला. राखणीची पोरं चौकात पत्ते पिटत बसली होती. मंडपात कोणी नव्हतं. बल्ब जळत होता, घड्याळ घुर्र घुर्र फिरत होतं. म्हाताऱ्याजवळून जाताना इश्वरला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. तो मागं वळला. अगदी नाकाला नाक लावून पाहिलं.

म्हाताऱ्याला डोळे काढले होते.

मोठे, गोल, काळेभोर. रंग अजून ओला होता.

इश्वरनं तिथूनच वीरेंद्रला फोन लावला. "त्या बुड्ढ्याचे डोये कोणं काढले?"

"म्या काढले, काका. आत्ताच. लोक म्हणतीन अर्धं काम केलं."

"तो आंधया होता, म्हणून तं त्याची गोठ हाय."

"डोयेवाला चांगला दिसते. म्या फोटोबी टाकला मंडळाच्या ग्रुपवर."

"देवीचे उघडले नाहीत अजून. अन् आज अवस हाय. मेलेला माणूस हाय तो, वीरेंद्र. आजच्या राती मेलेल्याले डोये देतेत का?"

"तुमीच तं म्हणता तो तिकडला. त्याले इकडची अवस कायले लागू होईन?" वीरेंद्र हसला आणि फोन ठेवला.

इश्वरनं गमछा ओला केला आणि ते डोळे पुसले. रंग पसरला नाही. निघालाही नाही. त्यानं नखानं खरवडलं. ओला रंग, पण नखाला लागेना. "जळो," तो म्हणाला आणि देवीकडं गेला. आधी आपलं काम, मग याचं पाहू.

स्टुलावर चढला. देवीच्या तोंडावरचा पदर काढला. बल्बची वायर ओढून जवळ घेतली. काजळ उघडलं, कलम बुडवली, श्वास धरला.

आणि काही दिसेना. माती, कलम, बोटं, सगळं एकात एक. त्यानं डोकं वाकडं करून पाहिलं, डोळा बारीक करून पाहिलं. कलम टेकवायला गेला की गाल कुठं आणि भुवई कुठं हेच समजेना. तीस वर्षं हा हात झोपेतसुद्धा चुकला नव्हता. आज जागेपणी त्याला जागा सापडेना. त्यानं स्वतःला शिवी दिली. मग वीरेंद्रला दिली. मग देवीकडं पाहून म्हणाला, "तूच सांग मंग. कोठी आहेत तुहे डोये?"

तेवढ्यात लाइट गेली.

चौकातून पोरांची ओरड आली, मग तीही थांबली. मोटर बंद पडली. इश्वर स्टुलावरच उभा. खाली उतरावं तर पायाखालचं दिसत नाही.

अंधार.

मग घंटा वाजली.

एकदा.

लाइट नव्हती. मोटर बंद होती... घंटा वाजली.

"कोण हाय रे?" तो म्हणाला.

बुरुजाकडून आवाज आला. तणस मोडल्याचा. करकर... मग थांबला. पुन्हा करकर... कोणीतरी चालत होतं. चाचपडत नव्हतं. वाट दिसत असल्यासारखं, सरळ.

करकर.

आणखी जवळ.

ओल्या मातीचा वास आला. इश्वरच्या आयुष्यभराचा वास. त्याच वासानं त्याच्या अंगावर काटा आला. त्याला पळायचं होतं. पायानं स्टुलाची कड चाचपली, ती सापडेना.

आवाज स्टुलापाशी थांबला.

श्वास नव्हता. माणूस जवळ असला की ऊब लागते. ऊब नव्हती...

मग त्याच्या मनगटावर हात आला.

गार. ओला. जड.

तो हात सरकून कलमेपाशी आला आणि त्यानं इश्वरचा हात वर नेला. हळूच. लहान पोराला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवतात तसा. कलम मातीला टेकली. वळली. उचलली. पुन्हा टेकली...

एक डोळा.

हात थांबला. इश्वरच्या कपाळावरून घामाची धार लागली होती.

दुसरा डोळा.

मग इश्वरचा हात मोकळा झाला. करकर... करकर... दूर जात जात. पण आता पावलं सरळ पडत नव्हती. मध्येच बांबूला धक्का लागला. काहीतरी चाचपल्यासारखं झालं. मग सगळं शांत.

लाइट आली तेव्हा इश्वरनं वर पाहिलं नाही आणि मागंही पाहिलं नाही. चाचपतच पदर ओढला, स्टुलावरून उतरला आणि घरी गेला. शकुनबाईनं विचारलं, "जमलं का?" तो रात्रभर मनगट चोळत बसला.

सकाळी ढोल वाजले. इश्वरनं पदराआड कलम फिरवल्यासारखी केली आणि पदर उचलला.

ढोलवाले थांबले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी थांबले. बायांनी हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "माय माह्याकडंच पाहून राहिली." तिच्या शेजारचीही तेच म्हणाली. पवनीत इतक्या देव्या बसल्या, पण अशी नजर कोणी पाहिली नव्हती.

वीरेंद्रनं सगळ्यांदेखत इश्वरचे पाय धरले. "काका, मशीन गेली चुलीत. पुढल्या वर्सीबी तुमीच."

तीस वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. इश्वरनं देवीकडं पाहिलं. धुक्यातूनही त्याला कळलं. त्याच्या घराण्यातली रेघ मासोळीसारखी लांब जाते. ही तशी नव्हती.

"हे काम माहं नोहे," तो म्हणाला.

"काका, आता मोठेपणा नका करू."

"मोठेपणा नाही करून राहिलो. खरं सांगून राहिलो. म्या नाही काढले हे डोये."

लोक हसले. त्यांना वाटलं, कारागीर लाजतो आहे. त्यानं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. जितकं सांगावं तितकं लोक त्याला थोर म्हणत. शेवटी त्यानं लोकांनी गळ्यात घातलेला हार काढून फेकला आणि मंडपाबाहेर निघून गेला. पुढल्या वर्षाच्या कामाचा विडा घेतला नाही. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं, लख्ख दिसतं. तरी कलमेला हात लावत नाही. शकुनबाई बोलते, भांडते. तो म्हणतो, हात कोणाचा चालन ते मले समजत नाही.

कृष्णराव थांबले. ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडली. पोरं एकमेकांना चिकटून बसली होती.

"अन् तो म्हातारा?" अश्वजितनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"जागेवरच होता. बुरुजाच्या पायाशी."

"डोये?"

"नव्हते. पापण्या मिटलेल्या, गुळगुळीत. जसा इश्वरनं घडवला तसा. वीरेंद्रच्या मोबाईलात आदल्या रातचा फोटो हाय, त्यात डोये आहेत."

"कोणं पुसले असतीन, मामा."

"असतीन."

कृष्णरावांनी चादर पुन्हा डोक्यावरून ओढली.

"त्याचा उजवा हात पुढं होता ना," ते म्हणाले. "त्याचा आंगठा अन् जवळचं बोट काळं झालं होतं. काजळानं. डबी तं इश्वरच्या कमरेले होती. नऊ दिवस पंखे फिरले, दिवे तापले, माती वाळून तडकली. नवमीले तृप्तीनं त्या बोटाले आपलं बोट लावून पाह्यलं..."

"मंग?"

"ओलं होतं."